शूर्पनाद व्रताची बावीस पानं

"विचारायचं नाही, फक्त पाहायचं. दादा, माझ्या प्रबंधाची सगळी पद्धत या चार शब्दांत आली."

हे बोलताना देवराव नेरच्या घराच्या ओट्यावर असे ताठ बसले होते, की पाहणाऱ्याला वाटावं, पदवी खिशातच आहे, फक्त बाहेर काढायची राहिली आहे. देवराव यवतमाळच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवत आणि तीन वर्षांपासून जिल्ह्यातल्या बायकांच्या व्रतांवर प्रबंध लिहीत होते. त्यांचं म्हणणं असं, की काही लोक पोथ्या चाळून व्रतांवर लिहितात आणि काही लोक खेडोपाडी जाऊन बायांना विचारतात. दोन्ही चूक. बाईला विचारलं की ती बिचकते, किंवा साहेबाला बरं वाटेल ते सांगते. खरं शास्त्र म्हणजे निरीक्षण. बगळ्यासारखं उभं राहायचं, हलायचं नाही, आणि चोच मारायची ती नेमकी मासोळीवर.

थोरले भाऊ उकंडाजी कापूस बाजारात मापारी होते. काट्याच्या शास्त्रापलीकडे त्यांनी दुसरं शास्त्र पाहिलं नव्हतं. सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारलं, "मंग तीन वर्सांत काय घावलं बापा?"

या एका प्रश्नानं बगळ्याची मान खाली गेली. देवरावांनी आवाज उतरवून सांगितलं ते असं. त्यांचे मार्गदर्शक नागपूरचे डॉक्टर खानझोडे. त्यांनी दोनदा प्रबंध परत पाठवला होता आणि दोन्ही वेळा शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते : नवीन काय? आता मार्चअखेर खानझोडे निवृत्त होणार. तोवर काही नवीन हाती लागलं नाही, तर कागद दुसऱ्याच कोणाकडे जाणार, तो पहिल्यापासून सुरू करायला लावणार, आणि पदवीवाचून कॉलेज काही कायम करणार नाही.

आत सत्यभामा भाकरी थापत होती. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा देवराव नऊ वर्षांचे होते. त्यांच्या पाटीला रोज ओलं फडकं बांधून द्यायचं काम तिचं. तेव्हापासून भाऊजींचा आवाज कुठं उतरला आणि कुठं चढला हे तिला भिंतीपलीकडूनही कळायचं. तव्यावरची भाकरी एका बाजूनं काळी झाली. ती उलटता उलटता तिनं मनाशी ठरवून टाकलं. सोळा सोमवार.

सत्यभामेला व्रतं नवी नव्हती. गुरुवारी अळणी, चतुर्थीला चंद्र पाहिल्याशिवाय घास नाही, दोन्ही एकादश्या. त्यात आवाज मुळातच इतका हळू, की ती बोलते आहे की मनात म्हणते आहे हे कळायला माणसाला जवळ यावं लागे. पण हे सोळा सोमवार साधे नव्हते. स्नानापासून सांजवातीपर्यंत मौन. माहेरी फुलसावंगीला तिच्या आईनं हे व्रत केलं होतं आणि त्याचे नेम लेकीला तोंडी दिले होते. ज्याच्यासाठी धरायचं त्याला सांगायचं नाही. मौन म्हणजे मौन, पाटीवर लिहूनही बोलायचं नाही. खुणा चालतील, पण कामापुरत्या. आणि मधे एक शब्द जरी तोंडातून निघाला, तर झालेले सगळे सोमवार गेले, पहिल्यापासून पुन्हा.

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी तिनं संकल्प सोडला. कोणासाठी ते महादेवाला ठाऊक आणि तिला ठाऊक.

या व्रताचा खरा जाच झाला उकंडाजींना. बायकोच्या खुणा ओळखण्यात ते अगदीच कच्चे निघाले. पहिल्या सोमवारी तिनं रॉकेल मागितलं तर त्यांनी कोथिंबीर आणली. दुसऱ्या सोमवारी तिनं कोथिंबीर मागितली तर ते तिच्या मावशीला बोलावून आले. मावशी तीन दिवस राहिली.

चौथा सोमवार आला. श्रावणातला तो शेवटचा, म्हणून कॉलेज अर्धाच दिवस होतं, आणि तोही अर्धा दिवस देवरावांनी रजा टाकून पुरा केला होता. आदल्या दिवशीच ते नेरला मुक्कामी आले होते. वहिनी हल्ली सोमवारी बोलत नाही एवढं त्यांच्या नजरेला पडलं होतं. का बोलत नाही, हे अर्थातच त्यांनी विचारलं नाही. पद्धतीत बसत नव्हतं. सकाळी मधल्या खोलीत खिडकीशी वही घेऊन ते बसले. पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर पोतं ठोकलेलं होतं, त्यामुळे अंगणातलं सगळं त्यांना कमरेपासून वरच दिसत होतं. कमरेखालचं जग पोत्याआड.

सत्यभामा तुळशीपाशी सुपात भगर पाखडत होती. पूजेच्या बेलाची दुरडी तुळशीच्या पायरीवर. इतक्यात शेजारच्या बिजलीबाईची बकरी कुडातून आत शिरली आणि तिनं दुरडीत तोंड घातलं. बिजलीबाई मूळची तांड्यावरची. तिच्या नवऱ्यानं, भावसिंगनं, नेरच्या शिवारात शेत केल्यापासून त्यांचं बिऱ्हाड या आळीत आलं होतं. बाई मोठी नेमाची, पण बकरीला कसला नेम नव्हता. पान दिसलं की ते तिचं, मग ते कोबीचं असो की महादेवाचं.

दुसरा कुठला वार असता तर सत्यभामेनं हुर्र केलं असतं, तेही हळूच. पण सोमवार. तिनं भगर बाजूला ओतली आणि रिकाम्या सुपावर तीन थापा मारल्या. बकरीनं मान वर करून ऐकून घेतलं आणि आणखी एक तोंड भरून तुळशीभोवती पळ काढला. ती डावीकडून पळाली, म्हणून सत्यभामाही डावीकडून. एक फेरा, दोन फेरे, सात फेरे. शेवटी बकरी कुडातून निसटली आणि कुडापलीकडे बिजलीबाईचं डोकं दिसलं. सत्यभामेनं दोन बोटं डोक्यावर शिंगांसारखी धरली, मग हात तोंडाकडे नेला, मग रिकामी दुरडी उलटी करून दाखवली. बिजलीबाई काय ते समजली. देवाचा बेल खाल्ला! तिनं जीभ चावली, घरात धावली आणि पसाभर ज्वारी आणून सत्यभामेच्या पदरात ओतली. मौनातल्या बाईपुढं आपणही मोठ्यानं बोलू नये अशी तिची समजूत होती, त्यामुळे महादेवाची माफी मागत ती जे पुटपुटली ते खिडकीपर्यंत गेलं नाही.

खिडकीत देवरावांचा श्वास अडकला होता. त्यांना बकरी दिसलीच नव्हती. त्यांना दिसलं ते एवढंच : एक मौन धरलेली स्त्री सुपावर तीन आघात करते, तुळशीभोवती उलट्या सात फेऱ्या घालते आणि त्याही धावत, मस्तकी दोन बोटं धरून शिंगांची मुद्रा करते, आणि मग दुसऱ्या समाजाची एक स्त्री येऊन तिच्या पदरात धान्य घालते. हे कुठल्या पोथीत होतं? कुठल्याच नव्हतं. त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. वहिनीला एक शब्द न विचारता ते तीनच्या मोटारीनं यवतमाळला निघून गेले आणि दिवाळीपर्यंत त्यांनी त्या दहा मिनिटांवर बावीस पानं लिहिली. तळटीपा एकतीस. नाव दिलं, शूर्पनाद व्रत, म्हणजे सुपाच्या नादाचं.

कार्तिक वद्यातल्या एका रविवारी संध्याकाळी देवराव नेरला आले ते जवळजवळ उड्या मारतच. खानझोडे सरांचं पत्र आलं होतं. लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'अखेर नवीन!' आणि खाली, व्रत सोमवारचं आहे तर येत्या सोमवारी सकाळच्या मोटारीनं स्वतः पाहायला येतो.

सत्यभामेला धन्य वाटलं. उद्याचा तिचा सोळावा सोमवार. पंधरा सोमवार महादेवानं ऐकलं होतं आणि सोळाव्याला फळ दारात येऊन उभं राहणार होतं. पाहुण्यांसाठी काय काय करू, असं तिनं विचारलं. देवराव गूढ हसले. म्हणाले, "नेहमी करता तेच करा वहिनी. तुम्हाला आधी सांगितलं तर शास्त्र बिघडतं." तिला वाटलं, सरांना सोमवारची पूजा पाहायची असेल. तिनं साबुदाणा भिजत घातला आणि धुतलेली चादर काढून ठेवली.

सोमवार उजाडला. सत्यभामेचं स्नान झालं, मौन सुरू झालं. मोटार यायला अवकाश होता, पण देवरावांना दम निघेना. त्यांनी ओट्यावर दादांना समोर बसवलं आणि प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'स्त्री प्रथम सुपावर तीन आघात करते. हा नाद अनिष्ट शक्तींना पिटाळण्यासाठी असावा. तळटीप पाच.'"

आत साबुदाणा परतताना सत्यभामेच्या कानावर हे पडत होतं. कुठल्या दूरच्या गावची बाई असेल बिचारी, असं तिला वाटलं. सात उलट्या फेऱ्या, त्याही धावत, हे ऐकून तिला त्या बाईची दयाच आली. कोणत्या दुःखातून असलं अवघड व्रत धरलं असेल? मग डोक्यावरच्या शिंगांचं आलं. मग पदरात ज्वारी घालणाऱ्या शेजारणीचं आलं. कढईतला झारा जागच्या जागी थांबला. साबुदाण्याची तळाला करपून खापरी धरली तरी तिला सुचेना.

ती दूरची बाई बिचारी कोण, ते तिला कळलं होतं.

पदर सावरत ती ओट्यावर आली. बोलायचं तर सोळावा सोमवार, आणि तोही ज्यांच्या पदवीसाठी धरला त्यांच्याच समोर मोडायचा. लिहायचंही नाही. राहिल्या खुणा. तिनं जोरजोरात मान हलवून नाही-नाही केलं आणि दोन बोटं डोक्यावर धरली.

देवराव उठून उभे राहिले. "शृंगमुद्रा! दादा, पाहून घ्या." मग तिच्याकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाले, "आत्ता नका वहिनी, सर येऊ द्या."

तिनं बोटं हलवली, हात तोंडाकडे नेला, चघळल्यासारखं केलं. उकंडाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. सोळा आठवड्यांत शिकलेली सगळी विद्या त्यांनी पणाला लावली. "समजलं मले," ते म्हणाले. "शिंगं म्हणजे बैल. चारा खाऊन तयार असन तं पाहुण्यायसाठी गाडी पाठव म्हणून राह्यली ते." आणि भावसिंगची बैलगाडी मागायला ते चालतेही झाले. मोटारस्टँड घरापासून इतकं जवळ, की तिथं कोणी शिंकलं तर ओट्यावर ऐकू यावं. पण बायकोची खूण एकदाची समजली या आनंदात उकंडाजींना अंतर दिसेना.

खुणांनी जमत नाही, तर पुरावाच आणून उभा करावा, असं सत्यभामेनं ठरवलं. ती कुडापलीकडे गेली. बिजलीबाई दारात धान्य निवडत होती. शेजारीण मौनात, घाईघाईनं येते, डोक्यावर शिंगं धरते आणि बकरीकडे बोट दाखवते, एवढं पाहिल्यावर बिजलीबाईला दुसरं काय वाटणार? तिनं कपाळावर हात मारून घेतला. "पुन्हा खाल्ला का वं बाई बेल? या बकरीच्या जल्माले काय म्हणू!" असं कुजबुजत ती पसाभर ज्वारी घ्यायला आत पळाली. इकडे सत्यभामेनं बकरीचा कान धरला.

आता बकरीला कान धरून नेणं हे काम बोलून करतानाही सोपं नसतं. ती चार पाय रोवून उभी राहिली. सत्यभामेनं अंगणातून सूप आणलं, त्यात चार बेलपानं टाकली, आणि सूप पुढं धरून एक एक पाऊल मागं सरकत बकरीला आपल्या अंगणात आणलं. नेमकी त्याच वेळी बैलगाडी दारात थांबली. डॉक्टर खानझोडे गाडीतून उतरले. पांढरं धोतर, काळा कोट, हातात वही. एवढ्याशा रस्त्यासाठी आपल्याला गाडीत का घातलं याचा विचार अजून त्यांच्या चेहऱ्यावर होता. गाडीला पाहून बकरी बिथरली. सूप उलटलं आणि बकरी तुळशीभोवती सुटली. डावीकडूनच.

मागोमाग सत्यभामा. एक हात सुपावर थापा मारतो आहे, पदर खांद्यावरून घसरतो आहे, आणि तोंडातून शब्द नाही. पाचव्या फेऱ्याला बिजलीबाई आली आणि तिनं ज्वारी पदरात ओतली.

खानझोडे सर थक्क होऊन पाहत होते. "अहो, पण ही बकरी?" त्यांनी विचारलं. "तुमच्या प्रकरणात बकरी नाही."

देवराव क्षणभर अडले, क्षणभरच. "सर, श्रावणापासून मोजलं तर आज सोळावा सोमवार. सांगता आहे. सांगतेला पशूचं सान्निध्य असणारच. मुद्रा शिंगांची होती ती का, याचा उलगडा आत्ता झाला."

सरांनी लिहून घेतलं.

खानझोडे सरांची पद्धत मात्र विचारण्याची होती. त्यांनी वही उघडली आणि बिजलीबाईकडे वळून, बाई ही बकरी कुणाची, असं विचारलं. झालं! काळा कोट, वही, आणि बकरीची चौकशी. मोकाट जनावरांना कोंडवाड्यात घालायला आलेला हा कोणी सरकारी माणूस, अशी बिजलीबाईची खात्रीच पटली. "माही नाही, साहेब," ती म्हणाली. "आपण तं हिचं तोंडही पाह्यलं नाही कधी. मी देवाले ज्वारी द्याले आली." बकरी तिचा पदर चघळत होती. तिनं तो शांतपणे सोडवून घेतला आणि नजर आभाळाकडे वळवली.

"पाहा सर," देवराव म्हणाले. "देवाला ज्वारी. स्वतःच्या तोंडानं म्हणाली."

खानझोडे सरांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं ते लाल पेन्सिल चालवत आले होते आणि शेवटच्या वर्षी हे पाहायला मिळालं होतं. मन भरून आलं असावं. त्यांनी पिशवीतून प्रबंध काढला, शेवटचं पान उघडलं आणि शाईचा पेन मागितला. संमतीची सही इथंच, या तुळशीसमोर करतो, असं ते म्हणाले.

देवरावांनी पेन पुढं केला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सत्यभामेनं कधी पाहिलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हाही नाही.

ती तुळशीपाशी उभी होती, पदरात ज्वारी, हातात थापांनी फाटलेलं सूप. दिवे लागायला अजून सहा तास होते. सहा तास गप्प राहिलं की सोळा सोमवार पुरे. सही तर आत्ताच होणार होती. मग उद्या नागपूरला चार विद्वान प्रबंध तपासायला बसतील, आणि त्यात एखादा तरी असा असेल, ज्याच्या घरी आईनं बकरी पाळली होती.

सरांनी पेनचं टोपण काढलं.

"बकरी होती," सत्यभामा म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण सोळा सोमवारांनी साठवलेल्या शांततेत तो आळीभर गेला असावा, कारण बिजलीबाई दचकून मागं सरली आणि उकंडाजींच्या हातातून बैलाची वेसण सुटली.

"तेव्हाही बकरीच होती, साहेब. बेल खाल्ला तिनं. मले बोलता येत नोहतं, म्हणून सूप वाजवलं. भाऊजी खिडकीतून पाहत होते, खिडकीले पोतं होतं, त्यायले बकरी दिसली नसन. व्रत नाही हे. काहीच नाही."

देवराव ओट्याच्या पायरीवर बसले. त्यांनी एकदा बकरीकडे पाहिलं, एकदा खिडकीच्या पोत्याकडे, आणि आपल्या प्रतीची बावीस पानं छातीशी धरली, आजारी लेकरू धरावं तशी.

बिजलीबाईला सत्यभामा मौन मोडून खरं बोलली हे पाहून आपल्या खोट्याची लाज वाटली. "माहीच हाये बकरी, साहेब," ती म्हणाली. "लय खादाड हाये. न्यायची तं न्या कोंडवाड्यात."

खानझोडे सरांचे खांदे हलायला लागले. आधी कोणाला कळेना, सर रागावले की काय झालं. मग त्यांनी तोंडाला रुमाल लावला. तळटीप पाच, असं काहीतरी ते रुमालातून म्हणाले आणि पुन्हा त्यांचे खांदे हलायला लागले. बऱ्याच वेळानं डोळे पुसून ते सत्यभामेकडे वळले. एवढ्या दोन शब्दांसाठी मौन मोडलं, आता त्या व्रताचं काय होईल, असं त्यांनी विचारलं.

तिनं आईचा नेम सांगितला. पहिल्यापासून पुन्हा. सोळाच्या सोळा.

"मग का मोडलंत?"

"व्रत मोडलं तं पुन्हा धरता येते, साहेब. भाऊजीयवर लोक हसले असते, तं ते हसू मले कसं मोडता आलं असतं?"

सरांनी पेनला टोपण लावलं. देवरावांना वाटलं, संपलं. पण सर त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन बसले.

"देवराव, श्रावणापासून या घरात येता आहात. या बाई सोमवारी बोलत नाहीत हे पाहिलंत. कशासाठी बोलत नाहीत हे विचारलंत का?"

"नाही सर. विचारायचं नाही अशी पद्धत..."

"आता विचारा."

देवरावांनी मान वर केली. वहिनीला काही विचारायचं म्हणजे भूक लागली, आणखी एक भाकरी, यापलीकडे त्यांनी आजवर काही विचारलं नव्हतं. त्यांची यवतमाळची सगळी भाषा गळून खाली पडली.

"वहिनी, हे सोळा सोमवार... कोणासाठी धरले व्हते तुमी?"

ती पदरातली ज्वारी पाहत राहिली. मोडलं ते मोडलंच होतं. आता सांगायला हरकत नव्हती.

"तुमच्याचसाठी," ती म्हणाली. "पदवीसाठी."

उकंडाजींनी बैलांकडे तोंड फिरवलं. बिजलीबाईनं डोळ्याला पदर लावला, बकरीनं चघळलेलं टोक. देवरावांनी वही उघडली आणि मिटली, पुन्हा उघडली, पण त्यांना पानावरचं काही दिसत नव्हतं. शेवटी सरांनीच आपली वही पुढं ओढली आणि म्हणाले, बाई, आता हे व्रत मला पहिल्यापासून सांगा.

मौन दुपारीच मोडलं होतं आणि पुढचा सोमवार सात दिवसांवर होता. सत्यभामा बोलायला लागली. अशी काही बोलली, की उकंडाजींना लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. ज्याच्यासाठी व्रत त्याला का सांगत नाहीत, तर त्याच्या मनावर ओझं पडू नये म्हणून. मौनात उचकी लागली तर ती शब्दात धरत नाहीत. देवाचं नाव कोणी घेतलं तर मान हलवायची. नवऱ्याशी भांडता येत नाही, पण त्याच्याकडे रोखून पाहायला बंदी नाही. मौनात कोणाचं मन दुखावलं तर संध्याकाळचं पहिलं बोलणं त्याच्याशी. हे तिच्या आईला कोणी सांगितलं, आणि त्या बाईला कोणी, असं करत करत ती चार पिढ्या मागं गेली. फुलसावंगीच्या कोणत्या विहिरीवर कोणत्या बायकांनी कधी हे व्रत धरलं आणि कशासाठी, तेही आलं. मधेच बिजलीबाईनं, आमच्यातल्या बायाही अशा धरतात, पण आमचा नेम वेगळा हाये, असं म्हणून आपला नेम सांगितला. दोघींनी मिळून सरांची दीड वही भरली. साबुदाणा गार झाला आणि सर्वांनी तो खापरीसकट खाल्ला. सरांच्या दोन मोटारी निघून गेल्या.

"यातलं एक अक्षर कुठल्या पोथीत नाही," खानझोडे सर म्हणाले. त्यांनी प्रबंधाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं 'नवीन काय?' खाली एक रेघ ओढली आणि लिहिलं, 'घरी विचारा.' प्रबंधातली शूर्पनादाची बावीस पानं त्यांनी वेगळी काढून देवरावांच्या हातात दिली. तळटीपा तरी ठेवता येतील का, असं देवरावांनी अगदी क्षीण आवाजात विचारून पाहिलं. सर कॅलेंडर पाहत होते. पुढच्या सोमवारी नव्यानं धरलं तर सोळावा येतो एकोणीस मार्चला. "मी एकतीसला निवृत्त होतो," ते म्हणाले. "वीस तारखेला नवा प्रबंध माझ्या टेबलावर पाहिजे. बाई, तुमचं आणि यांचं एकदमच पुरं होऊ द्या. मी सहीसाठी थांबतो."

शेवटच्या मोटारीला सर पायीच गेले. गाडी नको, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

पुढच्या सोमवारी देवराव पहिल्याच मोटारीनं आले. दिवाळीनंतरच्या वेळापत्रकात सोमवारी त्यांचे तास नव्हते, म्हणून तोच वार त्यांना मोकळा. वहीत त्रेचाळीस प्रश्न, एकाखाली एक, आकडे घालून. दारातच ते सुरू झाले, "वहिनी, पहिला प्रश्न असा की..."

सत्यभामेनं हसून ओठांवर बोट ठेवलं आणि पाट मांडला.

देवराव वही मांडीवर ठेवून सांजवातीची वाट पाहत बसले. दुपारी ती आतून बाहेर आली आणि हातात काहीतरी तिरपं धरून ओतल्यासारखी खूण केली. उकंडाजींनी ताबडतोब हात झटकले. "माह्या बापाच्यानं नाही होत. तू शिकलेला हायेस, सांग काय म्हणते ते."

देवरावांनी त्या खुणेकडे पाहिलं. ओतणं, हात तिरपा, तळवा आकाशाकडे. अर्घ्य, तर्पण, अभिषेक, असं सगळं त्यांच्या ओठांवर दाटून आलं. त्यांनी ते गिळलं.

"वहिनी, तेल पाहिजे का?"

सत्यभामेनं मान हलवली. देवराव बाटली घेऊन दुकानात जाऊन आले, आणि पाटावर बसून त्यांनी वहीत तारीख घालून लिहिलं : तेल. तीन वर्षांत तळटीप लागली नाही अशी ती त्यांची पहिलीच नोंद.